राजा काय घेतो? : प्रस्तावना

बायबलमधल्या ‘१ शमुवेल’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएलचे वडीलजन रामा गावी संदेष्टा शमुवेल याला भेटायला येतात. शमुवेल थकला आहे, न्यायनिवाड्याला बसवलेले त्याचे मुलगे लाच खातात, आणि किनाऱ्याकडून पलिष्ट्यांचा जोर वाढत चालला आहे. इतर राष्ट्रांना आहे तसा राजा आम्हालाही नेमून द्या, एवढेच त्यांचे मागणे आहे. त्यावर राजा तुमच्याकडून काय काय घेईल, ते शमुवेल एकेक करून सांगतो. तो तुमचे मुलगे रथांपुढे धावायला, स्वतःची शेते नांगरायला आणि हत्यारे घडवायला नेईल. मुलींना सुगंधी द्रव्यांच्या, स्वयंपाकाच्या आणि भटारखान्याच्या कामाला लावील. चांगली शेते, द्राक्षमळे आणि जैतुनाची बने काढून घेऊन आपल्या चाकरांना देईल. धान्याचा आणि मेंढरांचा दहावा हिस्सा उचलील. एवढे ऐकूनही लोक राजाच मागतात आणि शौल राजा होतो. राजसत्ता उभी राहत असतानाच तिच्याविरुद्ध केलेली इतकी स्वच्छ तक्रार जुन्या वाङ्मयात क्वचितच सापडते.

आपल्याकडे अशी तक्रार कुठे आहे, हा या संग्रहाचा मूळ प्रश्न. दख्खनमध्येही कुळांचे आणि जनसमूहांचे नायक आधी होते, राजे नंतर आले. हे स्थित्यंतर ज्या दगडांवर नोंदले गेले, त्यांतले सर्वांत बोलके दगड नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत. पण तिथे शमुवेल नाही. तिथे आहेत दाने, देणग्या, आज्ञापत्रे आणि एका राजमातेने आपल्या दिवंगत मुलाची केलेली स्तुती. त्यामुळे आपल्या प्राचीन राजांचे चित्र बहुतेक वेळा देणाऱ्या हाताचे उरले आहे. माझे म्हणणे असे की घेणाऱ्या हाताची नोंदही त्याच दगडांवर आहे. दान देताना राजाने जी सूट दिली, ती नीट वाचली तर इतरांना काय भरावे लागत होते ते कळते. इस्राएलची कथा शेजारी ठेवली की हे वाचन सोपे होते. या संग्रहातले लेख वेगवेगळ्या विषयांवरचे असले तरी त्यांना बांधणारा धागा हाच आहे.

नव्या वाचकासाठी आधी इस्राएलचा नकाशा थोडक्यात मांडतो. इजिप्तचा राजा मर्नेप्ता याच्या इसवी सनापूर्वी सुमारे १२०८ सालच्या शिलालेखात ‘इस्राएल’ हे नाव एका लोकसमूहाचे म्हणून येते. त्यानंतरच्या सुमारे दोन शतकांचे वर्णन बायबलमधले ‘शास्ते’ हे पुस्तक करते. दबोरा, गिदोन, इफ्ताह, शमशोन हे संकटकाळी पुढे आलेले पुढारी. त्यांच्याकडे राजधानी, खजिना किंवा कायमचे सैन्य नाही. गिदोनाला लोक राजेपद देऊ करतात आणि तो ते नाकारतो. त्याचाच मुलगा अबीमलेख भावांची हत्या करून शखेममध्ये राजा होऊन बसतो. पुढे शौल, मग दावीद, मग शलमोन, आणि शलमोनाच्या १२ कारभारी प्रांतांचा व वेठीचा भार असह्य होऊन रहबामाच्या वेळी राज्याची फाळणी. अभ्यासकांनी या कथेची चिकित्सा दीड शतक केली आहे. वेलहाउझेन यांनी शमुवेलाच्या पुस्तकात राजाला अनुकूल आणि राजाला प्रतिकूल असे दोन निराळे प्रवाह दाखवले. मार्टिन नोट यांनी १९३० मध्ये १२ वंशांच्या धर्मसंघाची कल्पना मांडली, जी आज फारशी कोणी धरत नाही. मेंडेनहॉल आणि पुढे गॉटवाल्ड यांना त्यात कनानी नगरराज्यांविरुद्धचा शेतकऱ्यांचा उठाव दिसला. फिंकेलस्टाइन यांच्यासारख्या उत्खननकारांनी डोंगराळ भागातल्या लहान वस्त्यांवरून दावीद-शलमोनाच्या साम्राज्याचा आकार बराच कमी केला; तर १९९३ मध्ये तेल दान येथे सापडलेल्या शिलालेखात ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख मिळाल्याने दावीद ही निव्वळ कल्पना आहे असे म्हणणे अवघड झाले. वाद मिटलेला नाही. आपल्या कामापुरते इतके पुरे की तक्रारीची ती यादी ज्या रूपात आपल्यापर्यंत आली, ते रूप राजांचा अनुभव घेऊन झालेल्या पिढ्यांनी दिलेले आहे.

आता दख्खन. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तिथल्या जोर्वे संस्कृतीच्या वस्तीत, म्हणजे इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या काळात, एक पाच खोल्यांचे घर निघाले. शेजारी धान्याचे कोठार होते आणि घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एका माणसाचे दफन होते. इतरांची घरे साधी आणि लहान. म. के. ढवळीकर यांनी यावरून गावच्या मुखियाची व्यवस्था मांडली: धान्य गोळा होई, साठवले जाई आणि त्याच्या देखरेखीखाली वाटले जाई. ‘शास्ते’ पुस्तकात ज्या काळाचे वर्णन आहे, साधारण त्याच काळातली ही वस्ती आहे. इनामगावच्या मुखियाचे राज्य झाले नाही. पुढच्या काळात पाऊसमान बिघडले, घरे गोल झोपड्यांवर आली आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास वस्ती उठली. नायकापासून राजापर्यंतचा रस्ता सरळ चढणीचा असतो, हा समज सोडायला इनामगावचा दाखला पुरेसा आहे.

नायकांची नावे पहिल्यांदा लेखात येतात ती अशोकाच्या पाचव्या आणि तेराव्या शिलालेखांत. रठिक, भोज, पेतनिक हे तिथे साम्राज्याच्या पश्चिम-दक्षिण कडेचे लोक म्हणून मोजले आहेत. त्यांच्यात कोणी एकच राजा असल्याचे अशोक सांगत नाही. त्यानंतर दोनेक शतकांनी हेच शब्द ‘महा’ लावून परत येतात. नाणेघाटात सातवाहन राजघराण्याच्या प्रतिमांची रांग होती. प्रतिमा गेल्या, नावे उरली. राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी यांच्याबरोबर त्या रांगेत महारठी त्रणकयिरो आहे. तो नायनिकेचा पिता असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजघराण्याने आपल्या ओळीत सासऱ्याला बसवले, याचा अर्थ राजाला त्याची गरज होती. त्याच लेण्यातल्या लांबलचक लेखात अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि त्यांतल्या हजारो गाईंच्या दक्षिणेची नोंद आहे. शौलाच्या डोक्यावर शमुवेल तेल ओततो, तसाच इथे यज्ञ राजाला इतर नायकांपेक्षा वर नेतो. बेडसे येथे एक दानकर्ती स्वतःला महाभोजाची मुलगी आणि महारठिनी म्हणवते. म्हणजे या घराण्यांचे आपापसात सोयरसंबंध होते आणि पद बायकांच्या नावालाही लागत होते. कार्ल्याला वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या वर्षी महारठी सोमदेव भिक्षुसंघाला एक गाव त्याच्या सर्व करांसकट देतो. कर सोडून द्यायचा अधिकार ज्याचा, कर घेण्याचाही त्याचाच. गौतमीपुत्र सातकर्णीसारखा प्रबळ राजा होऊन गेल्यानंतरची ही गोष्ट आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. महारठी ही राजाने दिलेली हुद्द्याची पदवी असेल, तर त्यांना जुने नायक कसे म्हणायचे? आक्षेप गंभीर आहे, कारण सातवाहनांकडे मौर्यांच्या धाटणीची नोकरशाही होतीच. पांडवलेण्यांतल्या सर्वांत जुन्या विहारावरच्या लेखात, सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या वेळी, नाशिकच्या ‘महामात’ या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. अशोकाचे महामात्र इथे नव्या धन्याच्या चाकरीत दिसतात. पण महामात बदलीचा माणूस, तर महारठी घराण्याचा. त्याचे पद बापाकडून मुलाकडे जाते, लेकीसुनांना लागते, आणि कर्नाटकात चित्रदुर्गाकडे तर महारठींची स्वतःची शिशाची नाणी मिळाली आहेत. काही महारठी पुढे खरोखर दरबारी अधिकारी झाले असतील, हे मान्य. तरीही पदवी राजाने शोधून काढली असे अशोकाचे लेख म्हणू देत नाहीत. राजाने आधीच्या प्रतिष्ठेवर शिक्का मारला, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून आहे.

सगळ्यात जवळून पाहण्यासारखी जागा म्हणजे पांडवलेण्यांतले तिसरे लेणे. त्रिरश्मी डोंगरातल्या या विहाराच्या ओसरीत गौतमीपुत्राची दोन आज्ञापत्रे कोरलेली आहेत. पहिले त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षाचे, युद्धाच्या छावणीतून गोवर्धनच्या विण्हुपालित या अमात्याला लिहिलेले. पश्चिम कखडी गावातले, आजवर उसभदत्ताकडे असलेले २०० निवर्तन (जमिनीचे जुने माप) शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्यावे, अशी आज्ञा आहे. उसभदत्त म्हणजे क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तसे असेल तर राजाने हरलेल्याची जमीन ताब्यात घेऊन दान केली. मग सूट सांगितली आहे: या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी त्यात ढवळाढवळ करू नये, आणि आणखी सर्व प्रकारच्या सवलती त्याला लागू असाव्यात. याच ओळी शमुवेलाच्या यादीशेजारी ठेवून वाचाव्यात. भिक्षूंच्या शेतात सैनिक शिरणार नाहीत असे लिहून द्यावे लागले, म्हणजे शेजारच्या शेतात ते शिरत होते. मीठ खणण्याचा हक्क राजा इथे सोडतो, म्हणजे इतरत्र बजावतो. अशा सवलती हा निव्वळ लेखनिकांचा साचा होता, असे कोणी म्हणेल. पण साचाही अनुभवातूनच तयार होतो आणि अनुभवाबरोबर वाढतो. पाचव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या अमरावती जिल्ह्यातल्या चम्मक ताम्रपटात ही यादी बरीच लांबली आहे. गाई-बैल, फुले-दूध, चारा, कातडी, कोळसा, मीठ आणि वेठ यांपर्यंत ती पोचते. राज्य जसजसे मुरत गेले, तसतशी घेण्याची कलमे वाढली, असा याचा सरळ अर्थ.

दुसरे आज्ञापत्र २४ व्या वर्षाचे आहे आणि मला ते पहिल्यापेक्षाही मोलाचे वाटते. राजा आणि राजमाता मिळून गोवर्धनच्या सामक या अमात्याला कळवतात की कखडी गावातले जे शेत आम्ही आधी दिले होते ते कोणी कसत नाही, गावात वस्तीही नाही. तेव्हा नगराच्या सीमेवर आमचे जे राजकीय शेत आहे, त्यातून १०० निवर्तन द्यावे. सहा वर्षांत दान दिलेली जमीन पडीक आणि गाव ओसाड. कारण लेखात दिलेले नाही; पण क्षहरातांशी झालेली लढाई याच मुलखातून गेली होती, हे विसरता येत नाही. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर नहपानाचा छाप पुसून गौतमीपुत्राचा छाप मारलेला आहे. नाण्यांवर छाप बदलता येतो. ओसाड गाव आज्ञेने वसत नाही. आणखी एक गोष्ट या लेखातून निघते. ‘राजाचे शेत’ असे वेगळे सांगावे लागले, म्हणजे सगळी जमीन राजाची नव्हती. शेजारच्या दहाव्या लेण्यात उषवदात नगराच्या वायव्येचे एक शेत अश्वभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना विकत घेऊन भिक्षूंना देतो. ते शेत अश्वभूतीच्या वडिलांचे होते, हेही नोंदलेले आहे. क्षत्रपाच्या जावयालासुद्धा वडिलोपार्जित शेताचे पैसे मोजावे लागले. बायबलमध्ये दावीद अरवनाचे खळे चांदी मोजून विकत घेतो आणि पुढे अहाब राजा नाबोथाचा वडिलोपार्जित द्राक्षमळा त्याचा जीव घेऊन लाटतो. राजा काय घेऊ शकतो याची सीमा या दोन प्रसंगांच्या मध्ये कुठेतरी हलत राहते. ती सीमा दर पिढीत कुठे होती, हे शोधणे हेच या विषयाचे खरे काम आहे.

तिसऱ्या लेण्यातला सर्वांत प्रसिद्ध लेख गौतमी बलश्रीचा, नातवाच्या म्हणजे पुळुमावीच्या १९ व्या वर्षीचा. आपला मुलगा किती देशांचा राजा होता, त्याने क्षत्रियांचा गर्व कसा मोडला, क्षहरातांचा वंश कसा संपवला, हे ती सांगते. आणि त्यातच, त्याने कर धर्माने घेतले व धर्माने वापरले, नागरिकांच्या सुखदुःखाला तो आपले मानत असे, असेही सांगते. रूढ समजुतीप्रमाणे ही स्तुती आहे आणि म्हणून तिला ऐतिहासिक वजन कमी. मला उलट वाटते. कर धर्माने घेतले असे मुद्दाम कोरून ठेवायची वेळ येते, ती करांबद्दल लोकांच्या मनात प्रश्न असतो तेव्हाच. शमुवेल निवृत्त होताना लोकांसमोर उभा राहून मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, असे विचारतो. त्या प्रसंगामागेही हाच प्रश्न आहे. ज्या क्षत्रियांचा गर्व मोडल्याचा अभिमान इथे आहे, त्यांत जुने नायकही असतील. ते मोडले पण संपले नाहीत, हे कार्ल्याचा सोमदेव सांगतोच.

या क्षेत्राचा अभ्यास कसा वाढला, हेही सांगायला हवे. नाणेघाटचे लेख १८२८ मध्ये साईक्स यांच्या नजरेस आले. ते आणि नाशिकचे लेख वाचण्यात भगवानलाल इंद्रजी यांचे श्रम पायाभूत आहेत. रा. गो. भांडारकरांचा दख्खनचा प्राचीन इतिहास १८८४ चा. या पिढीला राजावळ्या आणि कालक्रम लावायचे होते आणि ते काम त्यांनी नसते केले तर पुढचे काहीच झाले नसते. वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांचे कोरीव लेख मराठीत एकत्र आणून मराठी वाचकावर मोठे उपकार केले. दा. ध. कोसंबींनी प्रश्नच बदलला: घाटवाटा, नांगर, लेणी आणि जनसमूहांचे शेतीत विलीन होणे यांतून राज्य कसे उभे राहते, हे ते विचारू लागले. रोमिला थापर यांनी गंगेच्या खोऱ्यासाठी कुळाकडून राज्याकडे जाण्याची मांडणी १९८४ मध्ये केली. हिमांशु प्रभा राय यांनी विहार, श्रेणी (कारागीर-व्यापाऱ्यांचे संघ) आणि व्यापार यांचे नाते उलगडले. याच नात्याचा नमुना म्हणून उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवलेले २,००० कार्षापण पाहता येतात. त्या व्याजातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी मिळत. राजे बदलले तरी ही श्रेणी चालेल असा विश्वास ठेवीदाराला होता. मौर्यांच्या संपर्कामुळेच दख्खनमध्ये राज्य आले, असे मानणारा एक पक्ष आहे. स्थानिक नायकांच्या स्पर्धेतून ते वर आले, असे मानणारा दुसरा. तेलंगणातल्या कोटिलिंगाल येथे गोभद, समगोप यांसारख्या सिमुकाखेरीजच्या स्थानिक राजांची नाणी मिळाल्यापासून दुसऱ्या पक्षाचे पारडे जड झाले आहे, असे माझे मत आहे.

इस्राएल आणि गोदावरीकाठ यांचा काय संबंध, हा आक्षेप अनेक वाचक घेतील. ऐतिहासिक संबंध नाही आणि या संग्रहात तो कोणी जोडलेलाही नाही. तुलनेचा उपयोग वेगळा आहे. एका समाजाने राजाबद्दलची भीती ग्रंथात जपली, दुसऱ्याने राजाचे औदार्य दगडात जपले. दोन्हीकडे घेणे आणि देणे दोन्ही चालू होते. पहिला दस्तऐवज हाताशी असेल तर दुसऱ्यात काय शोधायचे ते कळते. आणि दुसरा हाताशी असेल तर पहिल्यातली तक्रार कुठे अतिशयोक्तीची आहे हेही तपासता येते. उदाहरणार्थ, शमुवेलाच्या यादीत राजा कोणाच्याही शेतावर हात टाकतो. नाशिकचे लेख सांगतात की निदान इथे तसे सर्रास होत नव्हते.

आज हे वाचायचे कशासाठी, याचे उत्तर नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला फार लांब शोधावे लागत नाही. धरणे, वीजकेंद्रे, औद्योगिक वसाहती आणि सिन्नर-इगतपुरीतून गेलेला समृद्धी महामार्ग यांनी जमीन कोणाची, ती कोण घेऊ शकतो आणि मोबदला किती, हे प्रश्न घरोघरी नेले. सत्ता बदलली, मालकीचे कायदे बदलले, पण सार्वजनिक हिताच्या नावाने घेण्याचा अधिकार आणि त्याची मर्यादा हा प्रश्न तोच आहे. दुसरीकडे इतिहासाच्या नावाने आपापल्या कुळाला एखाद्या जुन्या राजाशी जोडण्याची ओढ महाराष्ट्रात वाढते आहे. राजा कोणाचा, यावर सभा भरतात. राजा काय घेत होता, यावर फारसे कोणी बोलत नाही. जुन्या राजांविषयी आदर बाळगूनही हा प्रश्न विचारता येतो, आणि विचारलाच पाहिजे. शमुवेलाच्या लोकांनीही राजाचा आग्रह कायम ठेवण्याआधी तो प्रश्न ऐकून घेतला होता.

या संग्रहाने एवढेच करायचे ठरवले आहे: नायक, राजा, श्रेणी, विहार आणि शेतकरी यांच्यातला व्यवहार मूळ लेखांच्या आधारे मांडायचा, आणि बायबलमधल्या कथेचा उपयोग त्या व्यवहाराला प्रश्न विचारण्यासाठी करायचा. लेखकांमध्ये कालक्रमाबद्दल मतभेद आहेत, विशेषतः सातवाहन राज्याच्या आरंभाबद्दल. ते तसेच ठेवले आहेत. बायबलमधली नावे मराठी बायबलमध्ये रूढ आहेत तशीच घेतली आहेत. वाचकाला एकच विनंती. तिसऱ्या लेण्यातल्या दोन आज्ञापत्रांचे वाचन संग्रहाच्या सुरुवातीलाच दिले आहे. लेखांकडे वळण्याआधी ते पूर्ण वाचावे, शक्य असेल तर पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून ओसरीत उभे राहून वाचावे, आणि मगच आमच्या निष्कर्षांशी सहमत व्हायचे की नाही ते ठरवावे.

एकलहरे, नाशिक